आपल्या मुलांची कल्पकता : एका विद्यार्थिनीचा अनुभव
(मंडळाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आजच्या समारंभात चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणिसांनी आम्हांस केली, तेव्हा आम्ही त्यांस एक अट घातली. आम्हांस ज्या विद्यार्थिनीविषयी बोलावयाचे आहे तिचे नाव गुणवंतांच्या यादीत नाही. तरी त्या कारणाने आम्हांस कोणी अडवू नये, एवढीच ती अट. यादीचा नियम ८० टक्क्यांचा आहे आणि या मुलीस गेल्या वार्षिक परीक्षेत ६२ टक्के मिळाले. कार्यकारिणीत या गोष्टीचा बराच खल झाला. एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "गुरुजी, मुलगी स्पर्धेला गेली होती म्हणता, मग नंबर कितवा आला?" नंबर आला नव्हता. शेवटी तडजोड अशी निघाली की, मुलीस शाल-श्रीफळ द्यावयाचे नाही, परंतु गुरुजींनी बोलावे. शालीपेक्षा आमचे भाषण लांब आहे, एवढाच त्यात समाजाचा तोटा झाला.

आम्ही स्वतः मॅट्रिक. त्यावर अध्यापनाचे प्रमाणपत्र घेऊन चौतीस वर्षे खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळांतून शिकविले. विज्ञानाचे आमचे ज्ञान पाठ्यपुस्तकापलीकडे कधी गेले नाही. तेव्हा आम्ही जे सांगणार आहोत ते अधिकारवाणीने सांगत नसून, शेजारच्या घरात जे पाहिले ते सांगत आहोत, असे समजावे.

प्रथम त्या योजनेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण आपल्या समाजातील पुष्कळ पालकांस तिचे नावही ठाऊक नाही. केंद्र सरकारचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग 'इन्स्पायर-मानक' या नावाने ही योजना चालवितो. तिच्या कामात २००० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाचा मोठा वाटा आहे. इयत्ता सहावीपासून पुढच्या मुलामुलींनी आपल्या भोवतालची एखादी अडचण हेरावी, तिच्यावरचा उपाय स्वतःच्या बुद्धीने शोधावा आणि शाळेने अशा निवडक कल्पना वर पाठवाव्यात, असे तिचे स्वरूप आहे. देशभरातून दहा लक्ष कल्पना मागवाव्यात व त्यांतून एक लक्ष निवडाव्यात असे योजनेचे उद्दिष्ट आहे. ज्याची कल्पना निवडली जाते त्या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या बँकखात्यात दहा हजार रुपये जमा होतात. त्या रकमेतून त्याने आपली वस्तू प्रत्यक्ष तयार करावयाची आणि जिल्ह्याच्या प्रदर्शनात परीक्षकांपुढे मांडावयाची. तेथून काही राज्यास जातात, त्यांतून थोडे राष्ट्रीय प्रदर्शनास जातात आणि शेवटी साठजणांस राष्ट्रीय पुरस्कार मिळतो. आमची विद्यार्थिनी जिल्ह्यापर्यंत गेली आणि तेथून परत आली. आमचे सांगणे तिच्या परत येण्याविषयीच आहे.

हे घर आमच्या घरापासून चौथे. आजोबा, मुलीचे आईवडील, ती आणि धाकटा भाऊ. वडील पाणपुरवठ्याच्या कामावर रोजंदारीने जातात. चाक अजून आजोबाच फिरवितात आणि आई त्यांस हातभार लावते. उन्हाळ्यात माठ, श्रावण सरला की नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या, संक्रांतीची सुगडी. आपणांस हा क्रम सांगावयास नको. यांतील घटांचे काम सर्वांत अवघड. ती भांडी ऐन पावसाळी हवेत वाळवावी लागतात आणि दिवस तर ठरलेला. कच्चे भांडे आत ओले राहून आव्यात गेले की, भिंतीतील पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडावयास वाट मिळत नाही आणि भांडे तडकते. फुटताना शेजारच्या दोघांसही घेऊन जाते.

भांडे वाळले की नाही हे आजोबा कसे ओळखीत? ते भांडे उचलून गालाला लावीत. गार लागले तर ओले, गार लागले नाही तर वाळलेले. आपल्यापैकी अनेकांच्या वडीलधाऱ्यांनी हेच केले असेल. आम्ही तीस वर्षे मुलांस फळ्यावर लिहून देत आलो की, पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता घेते, म्हणून माठातील पाणी गार राहते. परंतु तोच नियम चार घरांपलीकडे एक म्हातारा आपल्या गालावर रोज वाचीत आहे, हे आमच्या कधी ध्यानात आले नाही. गोरोबाकाकांची कथा तर आपण सारे जाणतो. संतमंडळींच्या मस्तकावर थापटणे मारून त्यांनी पक्के कोण आणि कच्चे कोण ते सांगितले आणि नामदेवांस कच्चे ठरविले. ती कथा भक्तीची आहे खरी. पण कुंभाराच्या घरी भांड्याची परीक्षा किती सहज होत असे, तेही तीत दिसते.

२०२१ साली आजोबांस अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. हातपाय सावरले, बोलणे सुधारले आणि सहा महिन्यांत ते पुन्हा चाकावर बसले. २०२२ च्या नवरात्रापूर्वी त्यांनी आवा लावला आणि अर्ध्याहून अधिक माल फुटला. घट देतो म्हणून ज्यांच्याकडून आगाऊ रक्कम घेतली होती, त्यांस परत करण्यासाठी आईच्या कानांतले मोडावे लागले. लाकूड ओले होते, वारा फिरला, माती बदलली, अशी कारणे घरात निघाली. आजोबा काहीच बोलले नाहीत.

ही मुलगी तेव्हा सहावीत होती. वर्गात तोंड न उघडणारी, म्हणून शिक्षकांच्या खिजगणतीत नसलेली. तिने एवढेच पाहिले की, आजोबा पूर्वी भांडे उजव्या गालाला लावीत. आता उजव्या गालाला लावून झाले की ते क्षणभर थांबतात आणि इकडेतिकडे पाहून डाव्या गालाला लावतात. उजवा गाल बधिर झाला होता. डाव्याला ती सवय नव्हती. म्हाताऱ्याने ही गोष्ट घरात कोणास सांगितली नव्हती. मुलीनेही ती कोणास सांगितली नाही.

पुढे २०२३ च्या मे महिन्यात तिने एक खटाटोप केला. सव्वा हात लांबीची एक लाकडी पट्टी घेऊन ती मध्यावर खिळ्यावर तोलली. एका टोकाला ओल्या मातीचा गोळा टांगला, दुसऱ्या टोकाला डब्याच्या झाकणात वाळू ठेवली. गोळा वाळू लागला की हलका होतो आणि ते टोक वर सरकते. मागे लग्नपत्रिकेचा जाड कागद लावून तिने त्यावर खुणा केल्या. भांडी ज्या मातीची, गोळाही त्याच मातीचा. त्याला भांड्यांजवळच टांगावयाचे आणि पट्टी वरच्या खुणेवर जाऊन थांबली की भांडी वाळली असे समजावयाचे. आजोबांस हे खाटेवरून दिसावे आणि त्यांनी कोणास काही विचारू नये, एवढाच तिचा हेतू होता. किराणा दुकानाच्या काट्यावर तिने गोळा रोज तोलून आणला. एक किलोच्या गोळ्यातून उन्हाळ्यात सुमारे २२० ग्रॅम पाणी गेले, हे तिच्या वहीत लिहिलेले आम्ही वाचले आहे.

त्या वर्षी शाळेत कल्पना मागविल्या गेल्या, तेव्हा ती वही घेऊन आमच्याकडे आली. "गुरुजी, एवढं नीट लिहून द्या." येथे आमची चूक सांगितली पाहिजे. आम्ही ते लिहून दिले आणि आमच्या मते फारच उत्तम लिहून दिले. "भारतीय मृत्तिकाशिल्पाच्या प्राचीन परंपरेस आधुनिक विज्ञानाची जोड" असा आमचा प्रारंभ होता. मुलीने ते दोनदा वाचले व म्हणाली, "गुरुजी, छान आहे. पण हे माझं नाही. ह्यात आजोबा कुठंच नाहीत." आम्हांस राग आला, हे कबूल करतो. मग तिने स्वतः लिहिले. तिच्या लिहिण्याचा आरंभ असा होता की, माझ्या आजोबांना भांडे ओले आहे का ते आता कळत नाही. तोच कागद वर गेला आणि निवडला गेला.

ही आमची पहिली चूक नव्हे. नोकरीत असताना शाळेच्या विज्ञानप्रदर्शनासाठी आम्ही रात्र रात्र जागून मुलांच्या नावावर प्रतिकृती बनविल्या आहेत. एका वर्षी आम्ही केलेल्या पवनचक्कीपुढे एक मुलगा उभा होता. आम्ही पाठ करून दिलेली माहिती त्याने घडाघडा म्हटली. परीक्षकांनी सहज विचारले, "बाळ, पाती तिरपी का ठेवलीस?" तो आमच्याकडे पाहू लागला. ती पाती आम्हीच तिरपी ठेवली होती. बक्षीस मिळाले नाही याबद्दल आम्ही त्या मुलास बोललो. आज त्याची नातवंडे पाहण्याची वेळ जवळ आली असेल, परंतु त्याची ती नजर आम्ही विसरलो नाही.

दहा हजार रुपये खात्यावर आले त्या दिवशी त्या घरात काय झाले तेही सांगितले पाहिजे, कारण आपल्या बहुतेक घरांत तेच होते. मागच्या आव्याची उधारी अजून फिटावयाची होती. वडील म्हणाले, अर्धे उचलू, पुढे भरू. आई गप्प राहिली. आजोबा म्हणाले, "तिचा पैसा तिच्या कामाचा. त्याला हात लावला तर पुन्हा आवा लावणार न्हाई मी." प्रश्न तेथेच मिटला. मुलीने सागवानी पट्टी, पितळी वजने आणि एक लहान वजनकाटा घेतला. सुताराची मजुरी व प्रवास भागविला आणि पैशापैशाचा हिशोब त्याच वहीत लिहिला.

२०२४ साली जिल्ह्याचे प्रदर्शन झाले. वडिलांनी दोन खाडे केले. एस.टी.त मुलगी ती पट्टी मांडीवर आडवी धरून बसली होती आणि कंडक्टरने सामानाचे तिकीट मागितले, ही हकीकत ती अजून हसून सांगते. प्रदर्शनात इतरांच्या टेबलांवर दिवे लुकलुकत होते, चाके फिरत होती. हिच्या टेबलावर एक पट्टी आणि मातीचा गोळा. पहिल्या तासात तेथे कोणी थांबले नाही. नंतर एक परीक्षक आले, त्यांनी सर्व शांतपणे ऐकले आणि विचारले, "पावसाळ्यात गोळ्याचं वजन उतरायचं थांबलं, म्हणजे तो कोरडाच झाला, असं कशावरून? हवाच ओली असेल तर?"

मुलगी म्हणाली, "मला माहीत नाही. मी उन्हाळ्यातच करून पाहिलंय. आता पावसाळ्यात करून बघते."

ते मान हलवून पुढे गेले. संध्याकाळी राज्यासाठी निवडलेल्यांची नावे वाचली, त्यांत हिचे नाव नव्हते. वडील खट्टू झाले. त्यांस वाटले, मुलीने काहीतरी उत्तर ठोकून द्यावयास हवे होते. परत आल्यावर त्यांनी आम्हांसही तेच विचारले आणि आमच्याही मनात प्रथम तेच आले, हे लपवीत नाही. चौतीस वर्षे आम्ही मुलांस हेच शिकविले की, प्रश्न कोरा सोडू नये, काहीतरी लिहावे, एखादा गुण मिळून जातो.

परंतु मुलगी तो प्रश्न गाठीला बांधून घरी आली होती. त्या पावसाळ्यात तिने पुन्हा एक किलोचे दोन गोळे केले. एक भांड्यांजवळ टांगला. त्याचे वजन १९० ग्रॅम उतरले आणि थांबले. चार दिवस झाले तरी पट्टी जागची हलेना. तिच्या जुन्या खुणेप्रमाणे पाहिले तर वाळणे संपले होते. दुसरा गोळा तिने चुलीच्या धगीजवळ दोन दिवस ठेवला होता. त्याचे वजन २२० ग्रॅमच्या जवळ उतरले. म्हणजे टांगलेल्या गोळ्यात तीसेक ग्रॅम पाणी अजून दडून बसले होते आणि दमट हवा ते बाहेर येऊ देत नव्हती. परीक्षकांची शंका खरी ठरली आणि मुलीची खूण खोटी.

ज्या दिवशी हे तिच्या ध्यानी आले त्या दिवशी ती धावत आमच्याकडे आली. आमची समजूत अशी की, आपली चूक सापडली म्हणून ती रडवेली होऊन आली असेल. तिचा चेहरा पाहिला तर लग्नघरच्यासारखा! "गुरुजी, ते सर बरोबर होते. आता कळलं आपला आवा का फुटला ते."

तेव्हापासून तिची रीत बदलली आहे. मातीचा प्रत्येक नवा घाणा मळला की सारख्या वजनाचे दोन गोळे करावयाचे. एक चुलीजवळ पुरा वाळवून त्यातून किती पाणी जाते ते पाहून ठेवावयाचे, कारण प्रत्येक वेळी माती सारखीच ओली असते असे नाही. दुसरा भांड्यांजवळ राहील. पावसाळी हवेत तो शेवटच्या खुणेपर्यंत जातच नाही. म्हणून आवा रचल्यावर एकदम जाळ न करता प्रथम मंद धग द्यावयाची, तो गोळा त्या धगीच्या कडेला ठेवावयाचा, मधून मधून तोलावयाचा, आणि तो खुणेला आला म्हणजे मगच जाळ वाढवावयाचा. मंद धग देणे आजोबांस ठाऊकच होते. ती किती वेळ द्यावी हे मात्र ते अंदाजाने, म्हणजे गालाने, ठरवीत. २०२४ च्या ऑक्टोबरात घटस्थापनेपूर्वी लागलेल्या आव्यात फुटलेली भांडी एका पाटीत मावली. एका आव्यावरून सिद्धांत होत नाही, असे मुलीनेच वहीत लिहिले आहे. आमच्या हाती ती गोष्ट असती तर आम्ही एव्हाना वर्तमानपत्रात बातमी दिली असती.

येथे आमच्या त्या ज्येष्ठ सभासदांच्या एका आक्षेपास उत्तर देणे प्राप्त आहे. ते म्हणाले, "गुरुजी, आपण पन्नास वर्षे मुलांस सांगत आलो की, मातीतून बाहेर पडा, शिका, नोकऱ्या करा. तुम्ही पुन्हा त्यांस आव्याजवळ नेऊन बसविता काय?" हा आक्षेप वरवरचा नाही. मातीने आपल्या आयाबहिणींच्या पाठी मोडल्या आहेत आणि ज्यांस त्यांतून सुटावेसे वाटते त्यांस आम्ही दोष देणार नाही. या मुलीने चाकावरच बसावे असे आम्ही म्हटलेले नाही. तिला काय व्हावयाचे आहे ते तिला अजून ठरविता आलेले नाही, आणि नववीतल्या मुलीने ते ठरविलेच पाहिजे असेही नाही. परंतु जी गोष्ट घरात रोज डोळ्यांपुढे घडते, तीत विचार करण्यासारखे काही नाही आणि विचार करावयाचा तो पुस्तकात, असे आम्ही मुलांस शिकविले, ही आमची चूक झाली असे आता वाटते.

गुजरातेतील वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापतींचे नाव आपण ऐकले असेल. ते आपल्याच व्यवसायातील घराण्यातले. दहावीत नापास झाले, कौलांच्या कारखान्यात नोकरीस राहिले आणि पुढे मातीचे तवे साच्यावर काढू लागले. २००१ च्या भूकंपानंतर फुटलेल्या माठांचे एक छायाचित्र वर्तमानपत्रात आले. गरिबाचा फ्रीज फुटला, अशा अर्थाच्या ओळी त्याखाली होत्या. त्यांवरून त्यांनी मातीचाच फ्रीज करण्याचे मनावर घेतले आणि विजेवाचून भाजीपाला ताजा ठेवणारे 'मिट्टीकूल' तयार केले. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने त्यांस साहाय्य केले. त्या पेटीत जो नियम आहे तोच माठात आहे आणि तोच आमच्या शेजारच्या आजोबांच्या गालावर होता. मात्र मनसुखभाईंचे नाव घेऊन आपण मुलांच्या मागे लागू नये, अशी आमची विनंती आहे. प्रत्येकाच्या हातून मिट्टीकूल होणार नाही, आणि पालकांनी चाळीस चकरा मारून तयार करून आणलेली वस्तू मुलाच्या नावावर मांडली तर होणारही होणार नाही.

मुलीच्या स्वभावात काय फरक पडला, असे चिटणिसांनी आम्हांस विचारले होते. ती धीट झाली, वक्तृत्व गाजवू लागली, असे आम्ही सांगावे अशी त्यांची अपेक्षा दिसली. तसे काही झाले नाही. ती अजूनही कमीच बोलते. परंतु पूर्वी प्रश्न विचारला की ती खाली पाही; आता समोर पाहते, आणि येत नसेल तर "येत नाही" म्हणते व पुष्कळदा दोन दिवसांनी उत्तर घेऊन येते. गणिताचे गुण थोडे वाढले. मराठीचे वाढले नाहीत, याची जबाबदारी काही अंशी आमच्यावर आहे. आणि आजोबांनी, आपला उजवा गाल बधिर आहे, ही गोष्ट या वर्षी प्रथमच घरात उघडपणे बोलून दाखविली.

आणखी एक गोष्ट. शाळांतून कल्पना पाठविण्याचा काळ साधारणतः पावसाळ्यातला असतो. आपापल्या गावी ज्यांची मुले सहावीत वा पुढे आहेत, त्यांनी मुख्याध्यापकांस या योजनेविषयी जरूर विचारावे. मुलाच्या नावे बँकेत खाते नसेल तर ते आधी उघडावे. त्यावाचून रक्कम यावयाची नाही. अर्ज मात्र त्यालाच लिहू द्यावा. शुद्धलेखन तपासण्यास आम्ही तयार आहोत. त्याहून अधिक काही आमच्याकडून लिहवून घेऊ नये.

ती मुलगी आज सभागृहात आहे. कोठे बसली आहे ते सांगू नये असे तिने बजावले आहे. तिचा काटा मात्र बाहेरच्या ओसरीवर भोजनाच्या पंगतीशेजारी टांगला आहे. सकाळी आठ वाजता त्याला ओला गोळा लावला. आजचा कार्यक्रम ज्या रीतीने लांबला आहे ते पाहता पट्टी एव्हाना खुणेने वर सरकली असेल. पाहावयास अवश्य जावे. काही विचारावयाचे झाल्यास ती तेथे येईल, तिला विचारावे. आम्हांस विचारू नये.